मिटल्या तोंडाची राणी

ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतले नकलनवीस गोपीनाथराव कर्णिक यांनी एका रविवारी सकाळी ओसरीवर बसून जाहीर केलं की राणीसरकारचं तोंड मिटलेलं आहे.

"तिचं मिटलेलं असू दे," त्यांची बायको लक्ष्मीबाई आतून म्हणाल्या, "तुमचं आधी धुऊन घ्या. दूध निवतंय."

राणी म्हणजे चार आण्यांच्या हिरव्या टपाल तिकिटावरची. एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडाशी कर्णिकांना काय करायचंय, असं कोणीही विचारील, आणि आळीत सगळ्यांनी ते विचारलंच. गोपीनाथरावांनी प्रत्येकाला उत्तर दिलं. प्रत्येकाला पूर्ण उत्तर दिलं, हीच खरी अडचण होती.

या सगळ्याचं मूळ धाकट्या साहेबात होतं. कचेरीतल्या या तरुण गोऱ्या अंमलदाराला जुनी तिकिटं जमवायचा नाद होता. एकदा त्याने चार आण्यांची दोन हिरवी तिकिटं टेबलावर ठेवून विचारलं, यांत फरक काय? शिरस्तेदार म्हणाले, काही नाही. हेडक्लार्क म्हणाले, शिरस्तेदार म्हणतात तेच. गोपीनाथराव तिथे फक्त दौत भरायला गेले होते. पण जन्म गेलेला दुसऱ्याच्या लिहिण्याची अनुस्वारासकट नक्कल करण्यात. ते एकदम बोलून गेले, "साहेब, या बाईसाहेबांनी तोंड मिटलंय आणि हनुवटी टोकदार आहे. त्या बाईसाहेबांचे ओठ जरासे विलग आहेत, आणि हनुवटीही गोल आहे."

साहेब खुर्चीतून उठलाच. त्याने समजावलं की तिकिटं ज्या ठशावरून छापतात, तो विलायतेत काही वर्षांपूर्वी नव्याने कोरला. जुन्या ठशातली राणी तोंड मिटून बसली आहे, नव्यातली उघडून. "कर्णिक," तो म्हणाला, "तुला डोळा आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत गोपीनाथरावांना 'शाई सांडू नका' यापलीकडे कोणी काही म्हटलं नव्हतं. आपल्याला डोळा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते घरी आले ते मासुंदा तलावाला एक अख्खा वळसा घालून, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाच्या हनुवटीकडे निरखून बघत.

पुढच्याच सुट्टीला ते कल्याणला सासुरवाडीस गेले. मेव्हणे भाऊ बंदरावरच्या एका भाताच्या पेढीवर दिवाणजी होते, आणि पेढीच्या माळ्यावर एडन-झांजिबारकडच्या व्यवहाराचे जुने लखोटे उंदरांचं खाद्य होऊन पडले होते. तिकडेही तिकिटं आपल्याच सरकारची चालत. जावईबापूंनी लग्नानंतर पहिल्यांदाच तोंडाने काही मागितलं, तेही रद्दी, तेव्हा भाऊंना गलबलून आलं. त्यांनी गोणभर लखोटे दिले आणि वर स्टेशनपर्यंत गाडी करून दिली. पुढचे कितीतरी दिवस लक्ष्मीबाईंच्या परातीत कणकेऐवजी राण्या भिजत पडलेल्या असत. पोळ्या ताटात मळल्या जात.

आणि त्या राण्यांत ती एक सापडली. जुन्या ठशाची, मिटल्या तोंडाची, हिरवीगार. कोपऱ्यावर शिक्क्याचं पुसटसं बोट. आणि गालावर, कानाच्या जरा खाली, एक पांढरा तीळ!

साहेब तीळ बघून खुळावला. छापताना ठशाला त्या जागी इजा झाली असणार, असं तिकीट आपण पाहिलेलं नाही, असं तो म्हणाला. पुढच्या सोमवारी तो मुंबईला जाणार होता. तिथे तिकिटं जमवणाऱ्या साहेबलोकांची एक मंडळी होती. तिच्यापुढे तो हे तिकीट ठेवणार होता. शोधणाऱ्याचं नावही सांगणार होता: मिस्टर कर्णिक, टाणा, म्हणजे साहेबी तोंडातलं ठाणं. तोपर्यंत गोपीनाथरावांनी भिंगाखाली नीट तपासून त्याचं वर्णन आपल्या सुंदर अक्षरात लिहून ठेवावं.

भिंग आणायचं कुठून? मोजणी खात्यात होतं. गोपीनाथरावांनी रीतसर अर्ज केला आणि कारण लिहिलं, 'राणीसरकारच्या चेहऱ्याची बारकाईने तपासणी करणे आहे.' अर्ज मोजणी खात्यातून थेट फौजदाराकडे गेला. फौजदाराने दोन दिवस कर्णिकांच्या घरासमोर शिपाई उभा केला. शिपायाला कंटाळा आला म्हणून लक्ष्मीबाईंनी ताक दिलं. त्याने शेरा मारला की इसम निरुपद्रवी असून ताक चांगलं आहे. मग भिंग आलं, ठाणे जिल्ह्याबाहेर न नेण्याच्या अटीवर.

भिंग आलं तशी आळीही आली. चेंदणीची जनाबाई कोळीण बोंबील घेऊन दारात बसायची, तिने टोपली उतरवून आधी भिंगात डोळा घातला.

"ही गोरी बाय कोन रं दादा?"

"राणीसरकार."

"मना तं वाटतं हिला कोनी ताजा म्हावरा दावला नाय. म्हनून तोंड मिटून बसलीय," जनाबाई म्हणाली. "आन् ही दुसरी बग, हिच्या तोंडाला पानी सुटलंय. दोगी बहिनी काय?"

"एकच आहे गं ती. ठसा वेगळा."

"मंग एकदा जेवनाच्या आदी न् एकदा नंतर काडलाय," जनाबाईने निकाल दिला आणि बोंबील मोजायला घेतले.

खरं संकट आलं ते शेजारच्या प्रभाकरपंतांकडून. पंत निवृत्त शाळामास्तर. छडी सरकारजमा झाली होती, पण शिकवायची खोड गेली नव्हती. त्यांनी तीळवालं तिकीट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "याची किंमत किती?"

"लावणाऱ्याची नजर असेल तितकी, पंत," गोपीनाथराव म्हणाले. "कोऱ्या चार आण्यांच्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त."

"वापरलेल्याची किंमत जास्त? म्हणजे मी जेवून उठलो की माझी पत्रावळ लिलावात काढायची! अहो, उष्टं ते उष्टं."

देवघरातून माळेचा आवाज थांबला. आत गोपीनाथरावांची आत्या बसली होती, आवडाबाई. सगळी आळी तिला आवडात्या म्हणे. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. गोपीनाथरावांची आई ते पाळण्यात असतानाच गेली, तेव्हापासून त्यांचं न्हाऊमाखू, शाळा, लग्न सगळं हिनेच केलं. सोवळं इतकं कडक की वाऱ्यानेही तिला विचारून यावं. आणि तिकिटं दमट होऊ नयेत म्हणून गोपीनाथरावांनी ती ठेवली होती देवघराच्या कोनाड्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी.

"उष्टं कसलं हो पंत?" आत्याने आतून विचारलं.

"तिकिटाच्या पाठीला डिंक असतो, आवडात्या. लोक तो जिभेने चाटून तिकीट डकवतात," पंतांनी वर्गाला सांगावं तसं सांगितलं. "हे तर एडनहून आलेलं. तिथे कोणाची जीभ, कोणास ठाऊक."

कर्णिकांच्या घरी तिकीट नेहमी भाताच्या शिताने चिकटवत. जगही तसंच करत असणार, असं आत्या आजवर धरून चालली होती. तिने फक्त अन्नपूर्णा उचलली आणि पुन्हा आंघोळीला गेली.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथराव कचेरीत गेले, लक्ष्मीबाई हळदीकुंकवाला गेल्या, आणि आत्याने पदर खोचला. तिकिटं फेकावीत, असं तिच्या मनातही आलं नाही. गोप्याचा जीव त्यांत होता हे तिला दिसत होतं. तिला ती शुद्ध करायची होती. आधी रिठ्याचं पाणी, मग लिंबू, मग बाळकुमच्या गवळ्याकडून आलेलं गोमूत्र. मग सुपात घालून उन्हात. बऱ्याच राण्या त्या माऱ्यात फिक्या पडल्या, काहींची नाकं गेली, दोघी अगदीच विरघळल्या. एक मात्र नव्या नवरीसारखी स्वच्छ निघाली. शिक्क्याचं बोटसुद्धा राहिलं नाही. आत्याला समाधान वाटलं. उष्टं भांडं घासलं की आपण पुन्हा पंगतीला घेतोच, फेकून देत नाही. तिकिटाचं याहून वेगळं काय असणार?

आणि त्याच दुपारी तिला बडोद्याच्या शकूला, म्हणजे भाचीला, पापडांचं पार्सल धाडायचं होतं. डोंबिवलीच्या वाडीतले उडीद, स्वतः लाटलेले पापड. पोस्टात चार आणे पडतात, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी गोपीनाथरावांनी सूप पाहिलं आणि ते ओसरीवर खालीच बसले. बिननाकाच्या राण्या त्यांच्याकडे बघत होत्या. तीळवाली कुठेच नव्हती.

"आत्या! काय केलंस हे?"

"पवित्र केली," आत्या म्हणाली.

मग गोपीनाथराव जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. बरंच ओरडले. "तुला यातलं काही कळत नाही तर हात कशाला लावतेस?" हे त्यांतलं सर्वांत सौम्य. आत्याने सगळं ऐकून घेतलं, आणि मग अबोला धरला. आत्याचा अबोला म्हणजे पक्कं काम. एकदा तो थोरल्या दिराशी दीर मरेपर्यंत चालला होता. तीळवाली कुठे गेली हे आता देव सांगेल तरच. गोपीनाथरावांनी मोरी उपसली, परसातला अळू उपटला, मांजराकडे संशयाने पाहिलं, आणि त्या रात्री न जेवता पडून राहिले. साहेबाला द्यायला तिकीट नव्हतं. उरला होता तो फक्त डोळा.

आणि शनिवारी नेमकं त्या डोळ्यालाच बोलावणं आलं. पोस्टमास्तर सहदेवरावांचा निरोप होता: एक नाजूक प्रकरण आहे, आपल्यासारख्या जाणकाराचं मत हवं. 'जाणकार' हा शब्द गोपीनाथरावांनी शिपायाकडून तीनदा म्हणवून घेतला. अंगरखा, पगडी, जरीकाठी उपरणं, हातात भिंग. प्रभाकरपंत बोलावणं नसताना सोबत निघाले.

सहदेवराव हा भित्रा, सज्जन माणूस. वरून सक्त ताकीद आली होती की लोक वापरलेली तिकिटं धुऊन पुन्हा लावतात, तिकडे लक्ष ठेवा. सापडेल त्याला फौजदारीत खेचा. आणि आदल्या दिवशी आलेल्या एका पार्सलावरच्या तिकिटाखालून भाताचं शीत डोकावत होतं. सहदेवरावांनी पार्सलावर पंचा टाकला होता. नावगाव दिसलं तर मत झुकेल, म्हणून फक्त तिकिटापुरती जागा उघडी.

"हे नवं आहे की जुनं, एवढंच सांगा," ते म्हणाले.

गोपीनाथरावांनी भिंग पुसलं, खाकरले, आणि सुरुवात केली. काय बोलले! ठसा म्हणजे काय, कोरतात कसा, झिजतो कसा. पोस्टातले दोघे कारकून हातातलं काम टाकून आले. खिडकीतून दोन गिऱ्हाइकांनी डोकी आत घातली. "आता ही हनुवटी पाहा. टोकदार! ओठ पाहा. घट्ट मिटलेले! म्हणजे हा जुना ठसा. नव्या ठशाची तिकिटं येऊन किती वर्षं झाली. असलं तिकीट आज आपल्या खिडकीवर विकत मिळणं शक्यच नाही. कागद पाहा, चोळवटलाय. चकाकी गेली आहे. सहदेवराव, हे तिकीट कोणीतरी निःसंशय..."

इथे भिंग जरासं सरकलं. कानाच्या खाली, गालावर, पांढरा तीळ.

गोपीनाथराव थांबले. पंच्याखालून हिंगाचा आणि उडदाचा ओळखीचा वास येत होता. त्यांनी मान किंचित तिरकी करून पंच्याच्या कडेखाली पाहिलं. 'चि. सौ. शकूस' एवढंच दिसलं, आणि ते अक्षर त्यांच्या स्वतःच्याच बायकोचं होतं. आत्या पत्ते आगाऊ तिच्याकडूनच लिहवून ठेवी.

"निःसंशय काय?" सहदेवराव म्हणाले. "बोला, मी लिहून घेतोय."

त्या क्षणी गोपीनाथरावांच्या डोळ्यांपुढे धाकटे साहेब नव्हते, मुंबईची मंडळी नव्हती. फौजदारी कोर्टाच्या पायरीवर, डोक्यावरून पदर घेऊन, कोपिनेश्वराच्या देवळापलीकडे कधी पाऊल न टाकलेली एक म्हातारी उभी होती, आणि पट्टेवाला तिचं नाव पुकारत होता.

"निःसंशय नवं आहे," ते म्हणाले.

"अं?"

"तोंड उघडं आहे."

"अहो, आत्ता तुम्ही घट्ट मिटलेलं म्हणालात!"

"भिंग उलटं धरलं होतं."

"द्या इकडे," प्रभाकरपंतांनी भिंग ओढून घेतलं. "भिंगाला उलटं नसतं. हे बघा, स्पष्ट मिटलेलं आहे. हनुवटी टोकदार, तुम्हीच शिकवलीत. आणि हा तीळ... गोपीनाथराव, असाच तीळ तुमच्या—"

"पंत!" गोपीनाथराव इतक्या मोठ्याने ओरडले की खिडकीतली डोकी बाहेर गेली. मग त्यांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. "सहदेवराव, खरं सांगतो. मला यातलं काही कळत नाही. धाकटे साहेब एकदा काहीतरी म्हणाले, मी ते पाठ केलं आणि गावभर मिरवलं. मी नक्कल करणारा माणूस. मिटलेलं काय नि उघडं काय, मला ओ की ठो कळत नाही. पंतांना माझ्याचकडून कळलं, तेव्हा त्यांनाही कळत नाही."

कारकुनांतला एक जण फिस्सकन हसला. सहदेवरावांनी गोपीनाथरावांकडे पाहिलं, टेबलावरच्या पगडीकडे पाहिलं. मग पंच्याची कड उचलून पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि कड पुन्हा हळूच खाली सोडली. ते भित्रे होते, पण त्यांनाही घरी म्हातारी होती.

"जाणकारांचं मत पडलं," ते म्हणाले, "तोंड उघडं आहे." आणि त्यांनी शिक्का उचलून राणीच्या तोंडावर असा दाणकन मारला की ओठ, हनुवटी, तीळ सगळं काळ्या शाईखाली गेलं. मग खात्रीसाठी आणखी एक मारला.

सोमवारपर्यंत ही हकिकत कचेरीत पोचली होती. धाकट्या साहेबाने गोपीनाथरावांना आत बोलावलं, तिकीट हरवलं हे ऐकून घेतलं, पोस्टातलं तर त्याने ऐकलंच होतं. तो रागावला नाही, हेच वाईट झालं. तो नुसता हसला, म्हणाला, "ठीक आहे, कर्णिक, शाई सांडू नका," आणि मुंबईला निघून गेला. गोपीनाथराव आपल्या जागेवर येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी एका नकलेत दोन अनुस्वार गाळले.

घरी येतात तो आळीत गलका. प्रभाकरपंतांनी आपल्या ओट्यावर चारचौघांना जमवून पोस्टाची गोष्ट पुन्हा सुरू केली होती. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलं हो, मला काही कळत नाही म्हणून! मी पहिल्यापासून सांगत होतो."

तोच कर्णिकांचं दार उघडलं आणि सोवळ्यातली आवडात्या पायरीवर आली. पोस्टात काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं, फौजदारी ठाऊक नव्हती. आपल्या गोप्याला कोणी अडाणी म्हणतंय, एवढंच तिला आतून ऐकू आलं होतं.

"कोण म्हणतो माझ्या गोप्याला कळत नाही?" तिचा अबोला असा सगळ्या आळीच्या अंगावर फुटला. "पंत, तुम्ही? अहो, त्याला कळतं तेवढं तुमच्या सबंध शाळेला कळलं नसतं! तोंड मिटलेलंच होतं तिचं. मी पाहिलंय, माझ्या या हातांनी मी ते तिकीट रिठ्याने धु—"

गोपीनाथराव पळत आले. आयुष्यात त्यांनी सोवळ्यातल्या आत्याला कधी बोटही लावलं नव्हतं. आज कचेरीच्या कपड्यांनिशी, शाईच्या हातांनी त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि तिला तशीच धरून घरात नेलं. लक्ष्मीबाईंनी दार लावून घेतलं.

आत अंधार होता. मग लक्ष्मीबाईंनी, हळू आवाजात, धुतलेलं तिकीट लावलं तर काय होतं ते आत्याला समजावून सांगितलं. पोस्टात काय झालं, ते गोपीनाथरावांच्या तोंडून काढून काढून सांगितलं. आत्या ऐकत होती. तिच्या हनुवटीवर निळ्या शाईची पाच बोटं उमटली होती. सोवळं मोडलं होतं, पण ती आंघोळीला उठली नाही.

"म्हणजे तू सगळ्यांदेखत..." ती म्हणाली. तिने गोपीनाथरावांची पगडी काढली, आणि लहानपणी काढायची तशी दृष्ट काढल्यागत त्यांच्या कानशिलांवरून बोटं मोडली. मग ती त्यांच्या कानाशी वाकली.

"पण गोप्या, मिटलेलंच होतं ना रे?"

"मिटलेलंच होतं, आत्या."

"मला ठाऊक होतं," आत्या म्हणाली, आणि लक्ष्मीबाईंना पान वाढायला सांगून मोरीकडे गेली.